पंखे बंद, मराठी चालू

झाशीच्या उन्हाळ्यात टेबल टेनिस म्हणजे शिक्षाच. वाऱ्यानं चेंडू हलतो म्हणून रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधले पंखे बंद. रेल्वेच्या आमच्या महिला संघात एकच जागा उरली होती आणि मला ती हवीच होती. चाळिशी आली, पुढच्या वर्षी कोण विचारतंय! त्याच जागेसाठी समोर पार्सल ऑफिसातली बाई. तिच्या बॅटीला एका बाजूनं लांब दाण्यांचं रबर. आपण जितकी फिरकी द्यावी तितकी उलटी होऊन आपल्याच अंगावर. मी चिडून मारत होते आणि चेंडू जाळीत जात होता.

बाकावरून नवरा ओरडत होता, अर्थात मराठीत. इथं आम्ही मराठी माणसं असंच करतो. भाजीवाल्या भैयासमोर भाव ठरवायचा, पाहुण्यांसमोर साखर संपल्याचं सांगायचं, सगळं मराठीत. कोणाला कळतंय! "जाडी आहे, पळव तिला, दमेल!" हे पहिल्याच गेमला. मग, "फिरकी देऊच नकोस! सपाट, लांब टाक. परत येताना उंच येईल, तेव्हा हाण!"

युक्ती अगदी बरोबर होती. पण मी टाकायच्या आधीच बाई तिथं हजर. तो "तिच्या डावीकडे" म्हणाला की ही डावीकडे. दोन-दोन गेम झाले, आता एकच उरला. पाणी प्यायला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "घाबरतेस काय, ती काय वाघ आहे?" आणि टेबलापलीकडे बाई गालात हसली.

अगं बाई! हिला सगळं कळतंय!

आता नवऱ्याला सांगू तरी कुठल्या भाषेत? हिंदी तिची, मराठीही गेली. मी डोळे वटारले तर म्हणे, "काय गं, चक्कर येतेय?" चक्कर, डोंबलाची! शेवटच्या गेमला ठरवलं, तो म्हणेल त्याच्या उलट बाजूला टाकायचं. "डावीकडे!" तो ओरडला. ती सरकली. मी सपाट चेंडू लांब उजवीकडे टाकला. हात लांबवून तिनं तो कसाबसा उचलला, चेंडू उंच आला आणि मी हाणला. मग पुन्हा तेच. "अगं ऐकत का नाहीस!" नवरा बोंबलत राहिला आणि मी जिंकले.

हात मिळवायला गेले तर ती अजून धापा टाकत होती. माझा हात धरून स्वच्छ मराठीत म्हणाली, "लहानपणी शेजारी मराठीच होते आमचे." मग बाकाकडे बघून, "दमली हो जाडी."

कोणीतरी पंखे लावले. जागा मला मिळाली होती आणि मला मान वर करवेना.