न्यू फॉरेस्टच्या माळावर रेंज नव्हती

भुतंखेतं, अंगात येणं, साक्षात्कार... या सगळ्याला हसणाऱ्यांपैकी मी एक. या पानावर येतो तोसुद्धा कमेंट्समध्ये खुसपटं काढायला, हे जुन्या मेंबरांना ठाऊक आहेच. त्यात माझं पोट चालतं मोबाइल नेटवर्कवर — इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत दिवसभर मी हेच बघतो, की सिग्नल कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही. तर आज माझी खुसपटं काढा. मी तयार आहे.

गेल्या वसंतातली गोष्ट. मुग्धाची, म्हणजे माझ्या बायकोची, आई तिकडे सांगलीत अचानक वारली. आमचा व्हिसा एक्स्टेन्शनचा अर्ज तेव्हा निकालाची वाट बघत पडलेला. मधेच देश सोडला की अर्ज रद्द, म्हणजे नोकरी, घर, सगळंच गेलं. मुग्धा जाऊ शकली नाही. आईचं शेवटचं दर्शन तिने फोनच्या स्क्रीनवर घेतलं. त्यानंतर ती रडली नाही, माझ्याशी भांडली नाही, फक्त जेवेनाशी झाली. चहात बिस्किट बुडवायची आणि ते विरघळून तळाशी जाईपर्यंत बघत बसायची. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

दहाव्याच्या दिवशी पहाटेच मी तिला गाडीत घातलं आणि न्यू फॉरेस्टला नेलं. फोटोग्राफी हा माझा वीकएंडचा आजार — हरणं, घुबडं, धुकं, आणि सगळ्यात लाडके तिथले मोकळे घोडे. त्यांना मालक असतात म्हणे, पण दावं नाही, लगाम नाही, बारा महिने माळावर आपल्या मर्जीने चरतात. "एकदा लग्न लावून दे तुझ्या घोड्यांचं, एवढे अल्बम तरी कामाला येतील," असं मुग्धा एरवी चिडवते. त्या दिवशी चिडवणंही नाही.

कार पार्कमध्ये पोचलो आणि तिच्या धाकट्या भावाचा, निखिलचा, फोन आला. तिकडे कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवून झाले होते आणि कावळा शिवत नव्हता.

"ताई, किती वेळ झाला गं. कावळे आहेत, झाडावर बसलेत, पण खाली येईनात. बाबांना सांभाळीन म्हणालो मी, काकू म्हणाली देवघराचं बघीन... तुला काही सुचतंय का? आईचं काय राहिलं असेल?"

मुग्धाने तोंड उघडलं आणि फोन कट झाला. रेंज गेली. त्या भागात ती अशीच येते-जाते.

"चल, वर माळावर मिळेल," मी म्हणालो. वर तर एक काडीसुद्धा नाही. ती सारखी लावत राहिली, शेवटी मी फोन काढून घेतला. "बॅटरी संपवशील. दे इकडे." माझ्या जॅकेटच्या खिशात टाकला आणि चेन लावली.

धुकं विरळ होत होतं. गॉर्सच्या पिवळ्या झुडपांमागे काही घोडे चरत होते. मी सवयीने कॅमेरा काढला. तेवढ्यात त्यातली एक गाभण घोडी, तांबूस रंगाची, कळपातून निघाली आणि सरळ मुग्धाकडे चालत आली.

"हात लावू नकोस. लाथ मारतात," मी लांबूनच कुजबुजलो. इथले सगळे नियम मला पाठ आहेत.

घोडीने मान खाली घातली आणि कपाळ मुग्धाच्या छातीला टेकवलं. मुग्धाने दोन्ही हातांनी तिची मान कवटाळली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मी एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली केला. घोडी फुरफुरली, मान झटकली आणि परत चरायला गेली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसा माझ्या खिशात फोन वाजला. मुग्धाने तो काढून स्पीकरवर टाकला.

"ताई, बरं झालं बाई तू परत फोन केलास!" निखिल म्हणाला. "पिंडापाशीच धरला होता मी फोन. तू बोललीस आणि आलाच बघ कावळा."

"मी... काय बोलले?"

"अगं, म्हणालीस ना — आई, मला येता आलं नाही, पण आता माझी वाट नको बघू. मी जेवते. आजपासून नीट जेवते. व्हिडिओ दिसत नव्हता, नुसता आवाज. काकूनेपण ऐकलं. ताई, तुझ्या मागे घोडा फुरफुरत होता का गं?"

मी पुढच्या ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, गाडी घातली.

"बोललीस तू हे?" मी विचारलं.

"शब्दन् शब्द," ती म्हणाली. "तिच्या कानात."

खिशात चुकून लागला असेल, असं मीही आधी म्हटलं. पण फोनमध्ये तसा कॉल नाही. आणि लागला असताच, तरी जे मला उघड्या कानांनी ऐकू आलं नाही ते चेनबंद खिशातून सांगलीला कसं गेलं? नंतर एकदा कामावरचं टेस्टिंगचं मशीन घेऊन त्याच जागी उभा राहून आलो. सिग्नल शून्य. फोटोतही मुग्धाचे दोन्ही हात घोडीच्या मानेभोवती आहेत. ऑफिसमधला मित्र म्हणाला, लॉग्ज काढून बघू. मुग्धाने नको म्हटलं. "आईला ऐकू गेलं ना? मग बास की."

तेव्हा स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी खाली जरूर लिहा, मी मनापासून वाचीन.

त्या ले-बायमध्ये एक खाण्याची व्हॅन उभी होती. मुग्धा उतरली, दोन चीज टोस्टी घेऊन आली आणि तिथेच बॉनेटला टेकून खायला लागली. स्वतःची संपवली, मग माझ्यासाठी आणलेलीही संपवली. मी गाडीत बसून काचेतून तिला खाताना बघत होतो, आणि रडत होतो.