चूळभर पाणी

इस्त्रीअण्णांशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडात पाणी आहे का ते बघावं लागे. गाल फुगलेले दिसले की थांबायचं. ते गाडीवर पसरलेल्या शर्टावर वाकत, ओठांचा बारीक चंबू करत आणि ‘फुर्र’ असा आवाज होऊन शर्टाच्या पाठीवर धुकं उतरे. धुकंच म्हणते मी, कारण त्यात एकही थेंब वेगळा दिसत नसे. मग कोळशाची जड पितळी इस्त्री त्यावरून सरकली, थोडी वाफ उठली, की अण्णा मान वर करून म्हणत, "हां, बोला अक्का."

बेंगळुरूला सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर करंजाचं मोठं झाड आहे. इकडे त्याला होंगे म्हणतात. त्याच्या सावलीत अण्णांची हातगाडी वीस वर्षं उभी होती, म्हणजे आमच्या इमारती उभ्या राहण्याच्याही आधीपासून. मुलं त्यांना फुर्रअंकल म्हणत, मोठी माणसं इस्त्रीअण्णा. खरं नाव मला फार उशिरा कळलं. त्या नावाने मी त्यांना कधी हाक मारली नाही, म्हणून इथेही मारत नाही.

मी नागपूरहून नवी आले होते. कॅबमध्ये बसून पाठ केलेले दहा-बारा कानडी शब्द एवढीच माझी शिदोरी. त्यातले चार एकामागोमाग एक फेकून मी अण्णांना कपडे लवकर हवेत असं सांगायचा प्रयत्न केला आणि मग गाडीवर कुर्ते मोजून ठेवू लागले. त्यांनी चूळ भरलेली होती. डोळ्यांनीच हसले. फुर्र करून झाल्यावर शुद्ध निपाणीकडच्या मराठीत म्हणाले, "अक्का, बोलायला माणूस कुठलीबी भाषा बोलतंय. मोजताना मात्र आपल्याच भाषेत मोजतंय." मी ओठांतल्या ओठांत ‘एक, दोन, तीन’ करत होते, ते त्यांनी बरोबर टिपलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसला जाताना पाच मिनिटं त्या झाडाखाली थांबणं हा माझा नियमच झाला. दिवसभर हिंदी-इंग्रजीत घसा कोरडा करून घ्यायच्या आधी तेवढंच मराठी कानांवर पडे.

निपाणीकडचा माणूस आणि तंबाखूला शिवत नाही, ही त्यांची दुसरी नवलाई. त्यांच्या गावच्या शिवारात तंबाखूच पिकते, घरोघरी चंची. अण्णांनी मात्र जन्मात पान खाल्लं नाही की विडी ओढली नाही. सकाळी काम सुरू करण्याआधी कच्चा कांदासुद्धा नाही. तांब्यात उकळून गार केलेलं पाणी, त्यात दोन लवंगा, वर स्वच्छ फडकं. एकदा मी त्यांना या सोवळ्यावरून चिडवलं, तर म्हणाले, "सोवळं कसलं अक्का? न्हाव्याचा वस्तरा तसं आमचं तोंड. हत्यार घाण ठेवून चालंल व्हय?" त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी केळीच्या पानावर फुर्र करायला बसवलं होतं. पानावरून पाणी ओघळलं की पुन्हा पहिल्यापासून. वडिलांचं एक वाक्य ते वरचेवर सांगत: "थेंब पडला की डाग हुतोय, धुकं पडलं की घडी बसती."

कपड्यांवरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा मला दुसरा भेटला नाही. कोणाचा पट्टा एक भोक पुढे सरकला, कोण नोकरीच्या मुलाखतींना जातंय, कोणाच्या घरी पाहुणा येऊन राहिलाय, सगळं त्यांना घडीत दिसे. पण ते या कानाचं त्या कानाला कधी करत नसत. मला मात्र ऐकवत. आईशी भांडून मी आठवडाभर नीट जेवत नव्हते, तेव्हा कुर्त्याच्या बगलेला चिमूट धरून विचारलं, "सैल झालाय. काय खातासा का न्हाई?" मी उडवाउडवीचं काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी घडी केलेल्या कपड्यांवर कागदात गुंडाळलेली शेंगाची पोळी होती.

त्या वर्षी जानेवारीत एका सकाळी ऊन फांद्यांमधून तिरपं गाडीवर पडलं होतं. अण्णांनी फुर्र केलं आणि त्या धुक्यात क्षणभर रंग दिसले. मी म्हटलं, अण्णा, पुन्हा एकदा करा, मोबाइलवर घेते. ते म्हणाले, थांबा. गाडीखालच्या पेटीतून नवी पांढरी टोपी काढून घातली, तोंड पुसलं आणि मोठ्या ऐटीत फुर्र केलं. तो व्हिडिओ मी गावी त्यांच्या मुलीला, सुरेखाला, पाठवला आणि हौसेने सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. किती अंगठे, किती फुलं आली! सुरेखाच्या आईचा निरोप तेवढा वेगळा होता. म्हातारा वाळलाय म्हणाली.

दोन महिन्यांत जग बदललं. विषाणू म्हणे हवेतून येतो, हातांतून येतो, थुंकीतून येतो. आमच्याकडे माणसं लिफ्टचं बटण दात कोरायच्या काडीने दाबू लागली, केळी साबणाने धुऊ लागली. मीही धुतली, खोटं कशाला बोलू? आणि एका सकाळी ग्रुपवर माझाच व्हिडिओ परत आला. कोणी टाकला ते महत्त्वाचं नाही. खाली लिहिलं होतं की बघा, हा माणूस आपल्या कपड्यांवर थुंकतो आणि आपण ते अंगात घालतो. तासाभरात साठ निरोप जमले. ज्यांनी जानेवारीत फुलं पाठवली होती त्यांचीच नावं त्यात होती. संध्याकाळपर्यंत ठरलं की अण्णांना झाडाखालून उठवायचं.

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. मी एकटी राहणारी, तीही भाडेकरू. आमच्या ऑफिसात परदेशाहून आलेल्या एकाला ताप असल्याची बातमी सोसायटीत पोचली होती, आणि लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले होते. आपल्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये एवढंच मला तेव्हा वाटत होतं. मी घाबरले होते. दुसरं कुठलंही कारण देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा फाटकाशी उभे. तोंडाला धुतलेल्या धोतराचा पट्टा बांधलेला, हातात निळी प्लॅस्टिकची बाटली, कुंडीतल्या झाडांवर पाणी मारतात तसली. वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता, म्हणून मीच बाहेर गेले. अण्णांनी बाटलीचा चाप दाबून दाखवला. थेंबच पडत होते, ते त्यांनाही दिसत होतं.

"अक्का, मला काय इंग्लिश येत न्हाई. तुम्ही त्यांना सांगा, अण्णानं बाटली घेतलीया. आता तोंडाचं पाणी न्हाई म्हणावं."

"सांगते अण्णा," मी म्हटलं.

"सरी," म्हणजे कानडीत ‘बरं’, असं म्हणाले आणि गाडी ढकलत पुढच्या वळणावर गेले.

दोन ओळींचं काम होतं. संध्याकाळी लिहू म्हटलं, मग उद्या लिहू म्हटलं, आणि त्यानंतर सगळंच बंद झालं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बस बंद, आणि चालू असत्या तरी उपयोग नव्हता, कारण बेंगळुरूहून येणाऱ्याला त्यांच्या गावाने बंदी केली होती. "हितं फाटक बंद, तिथं वेस बंद," असं फोनवर एकदा हसून म्हणाले. मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत ते एकटेच अडकले होते. मी वॉचमनच्या हाती त्यांना तांदूळ, डाळ, तेल पाठवलं. ते पाठवणं सोपं होतं. दोन ओळी मात्र माझ्याच्याने लिहून झाल्या नाहीत.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी आजारी पडले. आधी अंग मोडून आलं, मग एका सकाळी कॉफीला वास येईना. तपासणी झाली, दारावर पिवळा कागद चिकटला, आणि आमच्या मजल्यावरची माणसं जिन्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागली. दूध दाराबाहेर ठेवून वॉचमन घंटा वाजवून पळे. मी काही त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, किंबहुना करून चुकले होते.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. वॉचमनने सांगितलं होतं. दम लागतो का, विचारलं. मी म्हटलं, थोडा लागतो, डॉक्टर फोनवर रोज चौकशी करतात. ते म्हणाले, डॉक्टर त्यांचं बघतील, तुम्ही मोरीपाशी जावा, तोंडात पाणी घ्या आणि फुर्र करा, मी ऐकतोय. मला वाटलं, म्हातारा भ्रमला. पण एवढ्या दिवसांत मला कोणी काही करायला सांगितलेलं नव्हतं. फोन बेसिनच्या कडेला ठेवला, चूळ भरली आणि जोर लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

"थेंब हाय," पलीकडून निकाल आला. "उद्या बघू."

मग रोज दहा वाजता फोन. ते होंगेच्या झाडाखाली येऊन उभे राहत, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीतून मला दिसत. मी आत जाऊन फुर्र करी आणि मग बाहेर येऊन हात वर करी. ते खालून हात वर करत. रिकाम्या रस्त्यावर ती पांढरी टोपी दिसली की मला रडू येई, सांगायला लाज कसली. नागपूरला आई फोनवर देव पाण्यात घालून बसली होती. इथे माझं म्हणून तेवढं एकच माणूस खाली उभं होतं, आणि त्याच माणसाला मी तिथून उठू दिलं होतं.

सहाव्या दिवशी मला ते सोसवेना. फुर्र करायच्या आधीच मी सांगून टाकलं. "अण्णा, तो व्हिडिओ माझाच होता. आणि बाटलीचं मी कोणालाच सांगितलं नाही."

पलीकडे शांतता. सवयीने मला वाटलं, त्यांच्या तोंडात पाणी असेल.

"ठाव हाय अक्का," ते म्हणाले. "माझी नवी टोपी हाय की त्यात. तुमच्यासाठीच घातली हुती." मग म्हणाले, "घ्या पाणी."

अकराव्या दिवशी ते म्हणाले, "आज धुकं हाय." मला स्वतःला काही फरक कळला नव्हता. पण त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

मी बरी होऊन दारावरचा कागद निघेपर्यंत बस सुरू झाल्या होत्या आणि वेशीवरची बंदी उठली होती. अण्णा गेले ते मला न भेटताच. वॉचमनकडे एक गाठोडं ठेवून गेले. मार्चपासून त्यांच्याकडे राहिलेले माझे पाच कुर्ते आणि आईची एक सुती साडी त्यात होती, सगळ्यांना कडक इस्त्री. निरोप असा होता की तीन दिवस उन्हात ठेवून मग उघडा, आणि पाणी बाटलीचंच मारलंय, कोणी विचारलं तर सांगा. निळी बाटलीही गाठोड्यावर ठेवलेली होती. ती तुम्हालाच असू द्या, गावाकडं लागत न्हाई, असं सांगून गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये एका सकाळी सुरेखाचा फोन आला. आमचे अप्पा आजारी आहेत, बोलायला त्रास होतोय, पण तुमचं नाव काढतायत, फोन त्यांच्या कानाला लावते म्हणाली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बरे व्हाल म्हणावं, तर ते खोटं त्यांना लगेच कळलं असतं.

"अण्णा," मी म्हटलं, "घ्या पाणी. फुर्र करा. मी ऐकतेय."

भांडं वाजलं. बराच वेळ गेला. मग एक बारीकसा आवाज आला, लहान मूल दूध बाहेर टाकतं तसा.

"थेंब हाय," ते म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी फोन केला. कोणी उचलला नाही. दुपारी सुरेखानेच कळवलं.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर त्या दोन ओळी लिहिल्या. इस्त्रीअण्णांनी तेव्हाच बाटली घेतली होती. मला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. तीन अंगठे आले. एका नव्या भाडेकरूने विचारलं, हे कोण? दुसऱ्याने विचारलं, जवळपास कोणी चांगला इस्त्रीवाला आहे का?

आता मी घरीच इस्त्री करते. वाफेची, विजेची, तिला पाणी मारावं लागत नाही. आईची सुती साडी असली की मात्र ती बंद करून ठेवते आणि आजीच्या काळची साधी इस्त्री तापवते. निळी बाटली फडताळात तशीच कोरडी आहे. उकळून गार केलेलं पाणी घेते, त्यात दोन लवंगा टाकते, साडी पसरते आणि चूळ भरते. पदरावर पाणी ओघळतं, डाग पडतात. थेंबच आहेत अजून.

उद्या बघू.