अकिकिकीचा नर

काउआई बेटावर मी दोन हंगाम काढले. पीएचडी करत होते, पक्ष्यांच्या आजारांवर. हवाई म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा आठवतो. आमचा तळ मात्र बेटाच्या मधोमध, उंच पठारावरच्या ओल्या जंगलात होता. घोट्यापर्यंत चिखल, आणि सामानासकट पोचायचं तर हेलिकॉप्टर. तिथे अकिकिकी नावाचा पक्षी राहायचा. चिमणीहून लहान, वरून राखाडी, पोटाला पांढरा, फांद्यांच्या सालीतल्या अळ्या टिपत फिरणारा. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

तो मलेरियाने मरत होता. या बेटांवर मुळात डास नव्हतेच, ते माणसांच्या जहाजांतून आले. पूर्वी पठारावरच्या थंडीत त्यांचा टिकाव लागत नसे, आता लागतो. अकिकिकीला एकच बाधित डास पुरतो.

हे बाबांना पटवायला मला अख्खा एक फोन खर्च करावा लागला. त्यांची सगळी नोकरी गडचिरोलीत हिवतापाच्या कामात गेली, गावोगाव फिरून लोकांच्या बोटांतून रक्ताचे नमुने घेण्यात.

"पक्ष्यांना मलेरिया?" ते म्हणाले. "मग फवारणी करा की."

"जंगलभर कशी करणार, बाबा? बाकीचे किडे मेले तर पक्षी खाणार काय?"

"आणि गोळ्या?"

"रानातल्या पाखराला रोज पकडून गोळी कोण देणार?"

ते म्हणाले, "आमच्याकडे निदान पेशंट दार तरी उघडायचा गं."

पहिल्या हंगामात एका खोऱ्यात आम्हाला एक जोडी सापडली. उंच झाडाच्या अगदी शेंड्याला शेवाळाचं वाटीएवढं घरटं होतं. मादी अंड्यांवर बसलेली असायची आणि नर तिला भरवायचा. मी खाली चिखलात बसून तो दर किती मिनिटांनी येतो ते लिहून ठेवायचे. त्या दोघांचा आवाजही आम्ही रेकॉर्ड केला. अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवायची, म्हणजे निदान पिंजऱ्यात तरी जात टिकेल, असं ठरलं होतं. पण सलग चार दिवस ढग उतरले, हेलिकॉप्टर आलंच नाही. शिडी यायची होती ती त्यातूनच.

पाचव्या दिवशी मादी घरट्यावर नव्हती. दिवसभर वाट पाहिली, आली नाही. नर मात्र यायचा. चोचीत अळी धरून घरट्याच्या काठावर बसायचा, आत बघायचा, थांबायचा, अळी तशीच घेऊन निघून जायचा. सहाव्या दिवशी शिडी आली. अंडी थंडगार होती.

आमची टीमप्रमुख तिथलीच, पन्नाशीची बाई. तिच्या लहानपणी हा पक्षी पायवाटेवरूनही दिसायचा म्हणे. ती म्हणाली, "आता त्याला तरी पकडू. एकटा इथे मरेल."

झाडांमध्ये बारीक जाळं लावलं. ज्याला तो येईल असा आमच्याकडे एकच आवाज होता, त्याच्या मादीचा. स्पीकरचं बटण मी दाबलं. तो लगेच आला. स्पीकरच्या वरच्याच फांदीवर उतरला, आणि त्याच्या चोचीत अळी होती. मान वळवून वळवून तो तिला शोधत होता. जाळ्याकडे काही आला नाही.

"पुन्हा लाव," प्रमुख म्हणाली.

मी पुन्हा लावला. तीन दिवस लावत होतो. तो दर वेळी यायचा आणि जाळ्याच्या वरून जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "मला नाही जमणार आता."

तिने माझ्या हातातून स्पीकर घेतला. तिचे डोळे भरून आले होते. बटण मात्र तिने दाबलंच. तो आला. तेवढ्यात पावसाची सर आली, जाळं भिजायच्या आत गुंडाळायला आम्ही धावलो.

दुसऱ्या हंगामात ते खोरं आम्ही पुन्हा पुन्हा पालथं घातलं. ठरलेल्या जागी उभं राहायचं, कान द्यायचा, वहीत 'नाही' लिहायचं. अखेरीस तिथला तंबू हलवला. त्या वर्षीच मी विषय सोडला. आता मुख्य भूमीवर, बॉथेल नावाच्या गावातल्या एका लॅबमध्ये नोकरी करते. आधी काय करायचीस असं कुणी विचारलं, तर "फील्डवर्क" म्हणते आणि विषय बदलते.

पूर्वी काढलेल्या अंड्यांतून निघालेले काही अकिकिकी दुसऱ्या बेटावर पिंजऱ्यांत आहेत. मी एकदा पाहून आले. माणसाने ठेवलेल्या वाटीतून ते खातात. त्यांना सोडायला डास नसलेलं जंगल उरलेलं नाही.

खोऱ्याच्या अहवालात एक रकाना होता, पक्षी शेवटचा कधी आणि कुणी पाहिला. तिथे माझं नाव आहे. खरं तर त्या दुपारी सर आली आणि तो उडून गेला, तेव्हा मी पाहिलंच नाही. मी मान खाली घालून रेनकोटची चेन लावत होते.