आयोडीन घेतलं ते दिवस

मुलगी रांगायला लागली आणि माझे हात थरथरायला लागले. मी साखरा गावच्या शाळेत शिकवत होते. फळ्यावर काढलेलं अक्षर पोरांना वाचता येईना. बसल्या जागी छाती धडधडायची, पोटभर जेवूनही अंग वाळत चाललं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गळा चाचपला आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गळ्यातली ग्रंथी फार जोरात चाललीय. ती आयोडीन ओढून घेते. आम्ही किरणोत्सर्गी आयोडीन देऊ, ते तिथं जाऊन तिचा जोर मोडेल. मूल अंगावर पितं का?"

"व्हय."

"मग आधी अंगावरचं दूध तोडा. नाहीतर औषध दुधातून लेकराच्याही गळ्यात जाईल."

गावी येऊन मी दूध तोडलं. पोरगी पदर ओढून रडायची. मी तिला सासूबाईंकडे देऊन मागच्या दारी जाऊन उभी राहायची.

पुन्हा मुंबईला गेले. चव नसलेलं घोटभर औषध नळीनं प्यायले. काही दिवसांनी घरी सोडताना बाई म्हणाल्या, "हे आयोडीन स्थिर नसतं, आपोआप मोडत जातं. आठ दिवसांत निम्मं उरतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचंही निम्मं. तीन आठवडे लेकराला जवळ घेऊ नका."

घर दोन खोल्यांचं. लांब राहायचं तरी कुठं? शेवटी मी शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्याजवळच्या खोपीत, राहायला गेले. आमचे हे भाकरी आणून बाजेपासून लांब ठेवायचे आणि बांधावर बसून बोलायचे. तुरी फुलल्या होत्या. वाऱ्यानं कुणाच्याही लेकराचं रडणं आलं तरी माझ्या अंगात कळ उठायची. दूध आटलं होतं, कळ मात्र तशीच होती.

सासूबाई रोज दुपारी पोरीला कडेवर घेऊन बांधापाशी यायच्या.

"बघून घे गं बाई. लांबूनच बघ."

पोरगी दोन्ही हात माझ्याकडे करायची. मी हात मागं बांधून उभी.

"असं काय पाजलं वं तुला तिथं? लेकरू बी धरू देईनात?"

"निम्मं निम्मं जाऊन राहिलं, आत्याबाई."

"मंग सगळं कवा जातं?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागले.

तीन आठवडे सरले. मी न्हाले आणि घराकडे जवळजवळ पळतच सुटले. दारात पोरगी सासूबाईंचं बोट धरून उभी होती. ती उभी राहायला कधी शिकली, मला कळलंच नव्हतं. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंच्या लुगड्यात तोंड लपवलं.

माझ्या हातांची थरथर हळूहळू थांबली. पोरगी मात्र सासूबाईंपाशीच निजायची. मी जबरदस्ती केली नाही. पुढं तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा ती आपणहून आली, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि झोपली. मी सोलणं थांबवलं. मांडीला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

त्या रात्री ती माझ्या कुशीत निजली. सासूबाई आपलं अंथरूण उचलून ओसरीत गेल्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, आत या ना. थंडी हाय."

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तिच्याबिगर मला आत झोप यायची न्हाई."