शेवटच्या पायाचे काटे

माणसाने पोटासाठी काय करावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण गोमवाल्यांचं म्हणणं असं, की ठरवताना निदान शुद्धीत असावं. आपण नव्हतो, असं ते स्वतःच सांगत. निसर्गसंग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, स्पिरिटच्या बाटल्यांच्या गराड्यात बसून त्यांनी अख्खी नोकरी गोमांच्या मांड्या तपासण्यात घालवली होती. ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे, आणि फोन आला की तेही मुकाट्याने म्हणत, "हां, गोमवालेच बोलतोय."

शेजारची खोली फुलपाखरंवाल्यांची. त्या खोलीला खिडकी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा होता, आणि भिंतीवर फुलपाखरंवाल्यांनी शोधलेल्या नव्या जातींचे रंगीत फोटो होते. गोमवाल्यांच्या नावावर एकही जात नव्हती. निवृत्ती तोंडावर आली होती आणि एक तरी नवी जात आपल्या हातून जगापुढे जावी, एवढीच हाव उरली होती. "मोक्ष नको, गोम हवी," असं ते बायकोला म्हणत. बायको म्हणे, "मला दोन्ही घरात नकोत."

आणि गोम नेमकी घरातच निघाली. एका सकाळी बायकोला ती न्हाणीघरातल्या जाळीपाशी दिसली. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती, नाहीतर चप्पल उचलली असती. पण गोमवाल्यांशी संसार केलेली बाई ती. तिने स्वयंपाकघरातला चिमटा आणला, गोम उचलली आणि रिकाम्या बरणीत टाकून झाकण लावलं. मग चहाबरोबर बरणीही नवऱ्यापुढे ठेवली. "घ्या, तुमच्याकडची पाहुणी आली आहे. आणि येताना मला नवा चिमटा आणा."

संग्रहालयात नेऊन गोमवाल्यांनी पाहुणीला भिंगाखाली घेतलं. गोमेची जात ठरवायची म्हणजे प्रश्नांवर प्रश्न असतात, मुलगी दाखवायला आणल्यासारखे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक डोळे किती? चार-चार. मिशांची सुरुवातीची किती पेरं तुळतुळीत, आणि लव कुठून सुरू? पायांच्या जोड्या किती? एकवीस. तोंडाखालचे विषाचे आकडे हेही मुळात पायच, चालणं सोडून चावायला लागलेले. शेवटची जोडीसुद्धा चालत नाही, नुसती मागे ओढली जाते, आणि लांबून बघणाऱ्याला डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं तेच कळत नाही. आपली नोकरी म्हणजे ही शेवटची जोडी, असं गोमवाले म्हणत. चालण्याच्या कामाची नाही, पण मोजताना धरावी लागते.

इथवर सगळी उत्तरं नेहमीच्या गोमेचीच आली. उरला शेवटच्या पायाचा प्रश्न: त्याच्या मांडीवर काटे किती? नेहमीच्या गोमेला ते ओळीने, भरपूर असतात. डावा शेवटचा पाय जागेवर नव्हताच, म्हणून सगळी भिस्त उजव्यावर. त्याला काटे होते फक्त दोन. गोमवाल्यांनी चष्मा पुसला, भिंग पुसलं, मग कपाळ पुसलं. काटे दोनच.

तो उजवा पाय जरासा बारीक आहे हे त्यांना दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांना दिसलं. मेंदूपर्यंत त्यांनी ते पोचू दिलं नाही. गोमेचा पाय तुटला तर पुढे कात टाकताना नवा उगवतो, पण तो बारीक असतो आणि त्याचे काटे अपुरे असतात. "असल्या पायावर विसंबून नवी जात सांगणाऱ्याला घरी बसवावं," असा नव्या लोकांना दरवर्षी दम देणारे हेच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून शोधनिबंध लिहायला बसला.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा या धंद्यातला संकेत आहे. म्हणून त्यांनी बायकोला विचारलं.

"माझं नाव? विषारी किड्याला?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, नवऱ्याने आयुष्यभराचा सूड उगवला."

पण त्याच दुपारी ती फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं ताई, जगभर नाव जाणार आहे माझं! फुलपाखरांचं काय, त्यांना कोणाचीही नावं देतात." दाराआड उभ्या गोमवाल्यांचा ऊर भरून आला. स्पिरिटच्या वासाचे शर्ट आणि फ्रिजमधल्या संशयास्पद बाटल्या यांपलीकडे त्यांनी तिला फारसं काही दिलं नव्हतं. आता हे देता येणार होतं.

निबंध पाठवायच्या सकाळी ते जेवणाच्या टेबलावर गोमेचं चित्र न्याहाळत बसले होते. "गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही म्हणतात," ते कुरकुरले. "पण चित्र लंगडं दिसतंय."

बायको आत गेली आणि गोळ्यांची एक रिकामी डबी घेऊन आली. "ओरडू नका हं. त्या दिवशी चिमट्यात आला होता. नमुन्याला जरा धक्का लागला की तुम्ही घर डोक्यावर घेता, म्हणून बोलले नाही. पण टाकवलाही नाही. बघा, आता झाली ना ती पूर्ण?"

कापसावर डावा शेवटचा पाय होता, चांगला जाडजूड. गोमवाल्यांनी खिशातलं भिंग काढलं. मांडीवर काटे होते, ओळीने, भरपूर.

पाय वाळून इतका हलका झाला होता की तो उडून नाहीसा व्हायला एक शिंक पुरली असती. डबीची गोष्ट दोघांनाच ठाऊक, आणि त्यांतल्या एकीला काट्यांचं काही कळत नव्हतं. गोमवाल्यांनी नाक चोळून पाहिलं. शिंक आली नाही. समोर बायको शाबासकीची वाट बघत उभी होती, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अगं, ही नवी नाही," ते म्हणाले. "नेहमीचीच आहे. ज्याच्या जिवावर मी उड्या मारत होतो तो पाय पुन्हा उगवलेला. खरा पाय हा, तू आणलेला."

तिने डबीकडे पाहिलं. "म्हणजे मी हा दिला नसता तर..."

"तर तुझं नाव जगभर गेलं असतं, आणि काही वर्षांनी कोणीतरी ते खोडलं असतं."

"मग बरंच झालं," ती म्हणाली, पण खुर्ची ओढून खाली बसली. "ताईला काय सांगू आता?"

ते तसेच संग्रहालयात गेले, निबंध फाडला, आणि फुलपाखरंवाल्यांनी "अरेरे" म्हणून पुढे केलेला चहा निमूट प्याले. मग सुटा पाय गोमेच्या बाटलीत सोडून चिठ्ठी लिहायला घेतली. जात: नेहमीची. ठिकाण: न्हाणीघर. पकडणारा: इथे त्यांचा हात सवयीने स्वतःचं नाव काढू लागला आणि थांबला. जातींची नावं बदलतात, खोडली जातात. पकडणाऱ्याचं नाव मात्र बाटलीवरून कोणी काढत नाही. संग्रहालय उभं आहे तोवर ते राहतं.

त्यांनी घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. "तर पूर्ण नाव लिहितोय तुझं," ते म्हणाले. "आडनाव कुठलं लावू? माहेरचं की माझं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माहेरचं लावा," ती म्हणाली. "पकडली तेव्हा तुम्ही झोपला होतात."