झाकणावरचा थेंब

शेवटची भेट झाली तेव्हा ताई नौपाड्यातल्या तिच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. आजाराने पार वाळली होती. पण मी चपला काढतोय तोच तिने विचारलं, "मधू, कारखान्यातला पंप आवाज करतोय म्हणत होतास, त्याचं काय केलंस?" मी म्हटलं, "अगं, तब्येतीचं बोल." तर म्हणाली, "तब्येत डॉक्टर बघतायत. पंप कोण बघतंय?" अशी माझी थोरली बहीण. ती जाऊन आता महिना होत आला, आणि मला तिच्याविषयी हळवं काही लिहायला जमत नाहीये. लिहायला बसलो की अभिमानच वर येतो... येऊ दे. खोटं कशाला बोला.

ताई ठाण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकवर छपाई करायचा लहानसा कारखाना काढलेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस औषधांच्या डब्यांच्या झाकणांवर नाव छापायचं काम मिळालं आणि माझी झोपच उडाली. शाई वाळायची, छान दिसायची, आणि नख लावलं की पापुद्र्यासारखी निघून यायची. शाई धरावी म्हणून बाकीचे छपाईवाले असा माल आधी ज्योतीवरून फिरवून घेत; आमची झाकणं पातळ, ज्योत लागली की वाकडी होत. हे काम हातचं गेलं असतं तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. ताईने झाकण घेतलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब टम्म गोल बसला. "अळूचं पान बघितलंयस ना? तसंच हे. जे पाण्याला जवळ करत नाही ते तुझ्या शाईला कशाला करेल?" मग तिने एका जुन्या पोलादी पिंपाला काचेची खिडकी बसवून घेतली, पंपाने आतली जवळजवळ सगळी हवा ओढून काढली आणि उरलेल्या विरळ हवेतून वीज सोडली. आत जांभळा उजेड पसरला. ताई सांगत होती, याला प्लाझ्मा म्हणतात, यातले खवळलेले कण झाकणावर आपटतात आणि वरच्या सालीवर ऑक्सिजन चिकटवून जातात. झाकण तेच राहतं, फक्त त्याची कातडी बदलते. बाहेर काढलेल्या झाकणावर तिने पुन्हा थेंब सोडला, तर तो पसरून सपाट झाला. छापून, वाळवून, चिकटपट्टी लावून खेचली. शाई जागची हलली नाही. तिच्या विभागप्रमुखांनी हे ऐकून म्हटलं होतं, "काय बाई, आता भावाच्या धंद्यात संशोधन?" ताई म्हणायची, "मी ते मनाला लावून घेतलं नाही." मला ते कधी खरं वाटलं नाही.

आणि मग गणपती आले. आमची निम्मी माणसं कोकणातली, त्यामुळे गणपतीत कारखाना बंद, त्यावर चर्चा नाही. सण यायच्या आधी घरात सगळं निवडून-टिपून ठेवतात ना, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको, त्याच हिशेबाने ताईने सांगितलं, "सगळी झाकणं पिंपातून काढून ठेवा. आल्यावर नुसतं छापायचं." वनिता, आमच्या छपाईवरची सगळ्यांत जुनी बाई, तिने ती पिशव्यांत भरली आणि पिशव्यांपुढे हळदकुंकू वाहून गावाला गेली. गौरी-गणपती झाले, माणसं परत आली, छपाई झाली, आणि औषध कंपनीचे सबनीस माल बघायला आले. त्यांनी चिकटपट्टी खेचली तर अख्खं नाव पट्टीवर उतरून आलं.

"बाई, हे कॉलेजात शोभतं," सबनीस शांतपणे म्हणाले. "मला माल लागतो."

वनिता हळूच म्हणाली, पिशवीत कुणाचा तेलकट हात गेला असेल. ताईला निसटायला वाट करून देत होती बिचारी. ताईने ती घेतली नाही. तिने न छापलेलं एक झाकण उचललं, थेंब सोडला. पुन्हा गोल. "हात कुणाचा लागलेला नाही," ती म्हणाली, "चूक माझी आहे. झाकणं पडून राहिली की ती बदललेली कातडी हळूहळू आत वळते, होती तशी होते. वाचलेलं होतं मी, पण इतक्या लवकर होईल असं धरलं नव्हतं. तपासायला हवं होतं."

"म्हणजे पद्धत अर्धवट."

"का? भाकरी तव्यावरून उतरली की वाढायची असते. ठेवून ठेवून कडक झाली तर करणारी अर्धवट का?"

सबनीस हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. त्यांच्यासमोर झाकणं पिंपातून निघाली, लगेच छापली, भट्टीत वाळली. पट्टी त्यांनी स्वतः खेचली, मग दुसऱ्या झाकणावर पुन्हा. पट्टी कोरी. "सगळा माल असाच द्याल?" त्यांनी मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "देऊ." त्या दिवसापासून कारखान्यात तिचा एकच नियम झाला: पिंपातून निघालेला माल दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही.

त्या फसलेल्या गणपतीतूनच तिला डॉक्टरेटचा विषय मिळाला. हा बदल उन्हाळ्यात किती टिकतो, गारव्यात किती, पुन्हा पुन्हा केला तर काय... कॉलेजात सत्कार झाला तेव्हा त्याच विभागप्रमुखांनी हार घातला आणि मी मागच्या रांगेत लाजबीज सोडून टाळ्या वाजवत होतो. कल्याणपासून छपाईवाले तिच्याकडे यायचे, आणि ही बया त्यांना चहा पाजून सगळं समजावून सांगायची. मी चिडायचो, "माझ्या पोटावर पाय का देतेस?" तर म्हणायची, "पदार्थविज्ञान काय तुझ्या बापाचं आहे?" मी म्हणायचो, "तुझाही बाप तोच." यावर ती खळखळून हसायची. नियम मात्र कधी सैल केला नाही.

ती गेली तेव्हा सकाळची वेळ होती. भाच्याचा फोन कारखान्यात आला. मी कसंबसं सांगितलं, मशिनं बंद करा, घरी जा. कुणी हललं नाही. वनिताने पिंपाशेजारच्या ट्रेंकडे बोट केलं. "दादा, तुम्ही व्हा पुढे. सकाळीच काढलाय हा माल. हा असा टाकून आम्ही कसं जायचं?" मी निघालो.

दुपारी ताईला खाली न्यायच्या आधी वनिता आणि छपाईवरच्या बाकीच्या बायका नौपाड्याच्या घरी आल्या. हात धुतलेले, पण नखांत निळी शाई तशीच. वनिता खाली बसली, ताईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नेहमी कामावरून निघताना सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"बाई, सगळं छापून झालं. उद्यावर काही ठेवलं नाही."