म्हशीचं स्थळ

"आधी घर बघू," असं म्हणत आबा जोडे काढत. मग ओट्यावर बसून पाणी मागत आणि ते न पिता चुलीकडे, गोठ्याकडे, माणसांच्या तोंडांकडे नजर फिरवत. लग्नं जुळवणारा असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमचे आबा टाकव्याचे. घरची शेती होती, पण त्यांचं मन नांगरापेक्षा दुसऱ्यांच्या सोयरिकीत रमायचं. सोयरीक जमली की पोह्यांची पहिली बशी त्यांची. एक घास खाऊन ते "करा सुरू" म्हणेपर्यंत नवऱ्या मुलाच्या बापानेही बशीला हात लावायचा नाही, असा दंडक होता.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत बिगरीच्या वर्गाला शिकवत असे. पोरांसाठी मी एक चित्रांची गोष्ट केली होती. एक म्हैस पावसात घाटातल्या बोगद्यालाच गोठा समजते आणि आत जाऊन बसते, एवढीच. मधलं एक पान नुसतं काळं, त्यात दोन डोळे. त्या पानाशी वांडातलं वांड पोर गप्प होई. ही गोष्ट छापून यावी, हे एकच वेड मला लागलं होतं. पण टपालाने पाठवलेलं बाड पुण्याहून जसंच्या तसं परत येई. एका प्रकाशकाने तर कळवलं, ओळखीच्या कुणाला तरी घेऊन या.

ओळखीचे म्हणजे आबा. पुण्यातल्या दोन-तीन छापखानेवाल्यांना सुना त्यांनीच मिळवून दिल्या होत्या. मी भीतभीत बाड पुढे केलं. आबांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं ते सावकाश बघत गेले. काळ्या पानाशी आल्यावर मी पान उलटू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा, मास्तर. आत हाय ती अजून."

त्या दिवसापासून माझी म्हैस त्यांच्या लेखी उपवर झाली.

पुण्याच्या पहिल्या खेपेहून ते परतले तेव्हा मी स्टेशनवर हजर होतो. बाड गुंडाळलेल्या बासनाची गाठ मी मारली होती तशीच.

"पयल्या भेटीत पोर दाखवत्यात व्हय?" आबा म्हणाले. "घर बघून आलो."

घर त्यांना पसंत नव्हतं. मालक कामगारांशी शिवीशिवाय बोलत नव्हता. त्याच्या शिव्यांचा माझ्या म्हशीशी काय संबंध, असं मी विचारलं. त्यावर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलीचा बाप असून मला एवढंही कळू नये.

दुसरं स्थळ बडं होतं. तिथे त्यांनी एकदाचं बासन सोडलं. मालकांना गोष्ट आवडली, पण चित्रं नकोत म्हणाले. चित्रांच्या ठशांचा खर्च कोण करणार? आबा मला न विचारता नकार देऊन मोकळे. मला इतका राग आला की दोन आठवडी बाजार उलटले तरी मी त्यांच्याशी बोललो नाही. चाळिशीला आलेल्या मास्तराला आपलं पुस्तक हातात घ्यायची किती भूक असते, ते मास्तरालाच ठाऊक. आबा मात्र बाजाराच्या दिवशी यायचे, ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे. तिसऱ्या बाजारी तेच बोलले.

"घरात ऱ्हायली तरी चालंल, मास्तर. पर पोर आंधळी करून द्यायची न्हाई."

राग गेला तो गेलाच.

पावसाळा संपल्यावर आबा आणखी एका लहानशा छापखान्यात जाऊन आले. बासन नेलंच नव्हतं. आमची पोर दारोदार फिरत नाही, बघायची तर तुम्ही या, असं तिथल्या मालकाला सांगून आले होते. मी कपाळाला हात लावला. कधी येणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, वरपक्षाला घाई करू नये.

त्याच थंडीत आबा तापाने गेले. घरचं माणूस गेल्यासारखं मला वाईट वाटलं. पुस्तकाचंही आता आटोपलं असं समजून मी बासन फळीवर ठेवून दिलं.

करवंदं पिकली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. टाकव्याच्या आबांनी बोलावलं होतं, पण लग्नपत्रिका छापण्याच्या कामात अडकलो, असं सांगून ते जरा संकोचून म्हणाले, "म्हशीला बघायला आलोय. आबा येतायत ना?"

मी सांगितलं. त्यांनी जोडे काढले.

मग ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच गाठ सोडली. काळ्या पानाशी आले आणि थांबले. मी हात मांडीखाली दाबून धरला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे पान असंच राहील. सगळीच राहतील."

बायकोने आतून पोहे आणले. बशा तीन होत्या. पहिली तिने आबा बसायचे तिथे ठेवली, मग आमच्या दोघांपुढे. आम्हां दोघांचेही हात बशीकडे जाईनात.

बायको दारापर्यंत गेली, थांबली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "करा सुरू."